टोप्या आणि तयार फेटे स्टॉलवर मांडायला घरच्या घरी डोकी कशी बनवावीत?

थर्माकोलची विकतची डोकी हलकी असतात. फेटा चढवला की पंख्याच्या वाऱ्यानेही कलंडतात. त्यापेक्षा कागदाची बनवा, रद्दी आणि मैद्याची खळ एवढ्यावर काम भागतं.

फुगा साधारण 55 सेंटिमीटर घेराचा फुगवा. मोठ्या माणसाचं डोकं 55 ते 58 च्या आसपास असतं, आणि कागदाचे थर चढल्यावर घेर थोडा वाढतोच. गाठ खाली, म्हणजे मानेकडे. वर्तमानपत्र हाताने फाडून पट्ट्या करा. कात्रीने कापलेल्या पट्टीची कड उठून दिसते, फाटलेली कड मात्र खळीत विरून जाते. दोन थर दिले की पूर्ण वाळू द्या, मग पुढचे दोन. सहा थर पुरेत.

वाळवायचं सावलीतच, पंख्याखाली. माझं पहिलं डोकं मी घाईने गच्चीत उन्हात ठेवलं होतं. आतला फुगा तापून फुटला आणि ओला कागद कपाळापाशीच आत बसला.

मानेसाठी लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या आणि तिच्यात वाळू भरा, खरा तोल तीच सांभाळते. फुगा काढून डोकं बाटलीवर बसवा, सांध्यावर फेविकॉल लावलेल्या पट्ट्या गुंडाळा.

खळीला झुरळं येतात. पुस्तकं बांधणारे जुने बायंडर तीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालत, पण ते विषारी असतं. घरात मुलं असतील तर सरळ फेविकॉलच पाण्यात कालवून वापरा.

नाक-डोळे काढत बसू नका, गिऱ्हाइकाने टोपी बघायला हवी. झुमके लटकवायचे असतील तर पुठ्ठ्याचे कान तेवढे चिकटवा.