घट कशाची? उत्सर्जनाची की तीव्रतेची?

साक्रीच्या एका वाचकाने विचारलंय: “एका बातमीत ‘भारताच्या उत्सर्जन तीव्रतेत ३६ टक्के घट’, दुसरीत ‘भारताचं उत्सर्जन वाढलं’. दोन्ही खरं कसं? आणि उत्सर्जन म्हणजे शाळेत मूत्रपिंडाच्या धड्यात होतं तेच ना?”

तेच. ‘सृज्’ म्हणजे सोडणं. ‘वि’ लागला की गणपतीचं विसर्जन, ‘उत्’ लागला की उत्सर्जन. मग ते शरीराचं असो की भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्याचं. हसू येतं खरं, पण शब्द चुकलेला नाही.

फसवतो तो ‘तीव्रता’. भूकंपाची तीव्रता, दुष्काळाची तीव्रता म्हटलं की आपल्याला जोर समजतो. इथे मात्र ते निव्वळ गुणोत्तर आहे: जीडीपीच्या दर रुपयामागे किती हरितगृह वायू (कार्बन डायऑक्साइड वगैरे). आपल्या भाषेत सांगायचं तर हा एकरी उतारा झाला. कपाशीचा उतारा घटला, पण पेरा दुपटीने वाढला, तर घरात कापूस जास्तच येणार. दीपनगरचा ६६० मेगावॉटचा नवा संच युनिटमागे जुन्या २१० च्या संचापेक्षा कमी कोळसा खातो; पण वीज जास्त काढली की कोळशाच्या वाघिणीही जास्त लागतात. म्हणून तुमच्या दोन्ही बातम्या खऱ्या. तो ३६ टक्क्यांचा आकडा २००५ ते २०२० या काळातला, आणि २०३० पर्यंत ४५ टक्के घट हे २०२२ साली दिलेलं वचनही उताऱ्याचंच. युरोपीय संघाचं १९९० च्या तुलनेत ५५ टक्के घट हे उद्दिष्ट मात्र एकूण निव्वळ उत्सर्जनाचं, म्हणजे जंगलं वगैरे शोषतात ते वजा करून उरलेल्याचं. हे दोन आकडे शेजारी छापून ‘कोण पुढे’ विचारणं म्हणजे एकूण क्विंटलची एकरी उताऱ्याशी तुलना. तिसरं माप दरडोई: आपण वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकन माणूस सुमारे १४. ज्याला जे सोयीचं, तो ते माप काढतो, आपणही.

मी स्वतः ‘रुपयामागे उत्सर्जन’ लिहीन. लांब आहे, पण चकवत नाही.

जाता जाता, ‘घट’ आणि ‘कपात’ही एक नव्हेत. घट आपोआप होते, कपात करावी लागते. २०२० च्या टाळेबंदीत जगाचं उत्सर्जन घटलं. त्याला कपात म्हणू नये. तुमच्याच तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांमुळे जेवढा कोळसा जळायचा वाचतो, तिथे ‘कपात’ खुशाल वापरा.