काफ्काची मिलेना पुढे काय करत होती?

तुम्ही विचारलंय की लेखक फ्रान्झ काफ्काने जिला एवढी पत्रं लिहिली ती मिलेना नक्की कोण, आणि त्याच्यानंतर तिचं काय झालं. मीपण आधी ती पत्रंच वाचली होती, त्यामुळे कितीतरी दिवस माझ्या डोक्यात ती म्हणजे काफ्काची प्रेयसी, बस. गंमत बघा, त्याची पत्रं राहिली, तिने त्याला लिहिलेली गेली, म्हणजे आपण फोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकतोय. आणि त्या पत्रांच्या दिवसांत प्रत्यक्षात भेटले किती, तर १९२० मध्ये व्हिएन्नात चार दिवस आणि नंतर एकदा ग्म्युंडला, ऑस्ट्रिया-चेक सीमेवरच्या गावात.

मिलेना येसेन्स्का, जन्म प्रागचा, १८९६. वडील दातांचे डॉक्टर आणि प्रोफेसर, एकदम कडक चेक राष्ट्रवादी. पोरगी एका जर्मन बोलणाऱ्या ज्यू माणसाच्या, एर्न्स्ट पोलाकच्या प्रेमात पडली म्हणून त्यांनी तिला सरळ वेड्यांच्या इस्पितळात टाकलं!! ती काही ऐकली नाही, लग्न करून व्हिएन्नाला गेली. तिथे पहिल्या महायुद्धानंतर खायचे वांधे, नवऱ्याचं लक्ष कॅफेत, मग हिने शिकवण्या केल्या, स्टेशनवर लोकांच्या बॅगा उचलल्या, आणि प्रागच्या पेपरांना लेख पाठवायला लागली. काफ्काशी ओळखसुद्धा कामातूनच, त्याची गोष्ट चेकमध्ये भाषांतर करायची म्हणून. तो गेला तेव्हा, १९२४ ला, 'नारोद्नी लिस्ती' ह्या प्रागच्या पेपरात मृत्युलेख तिनेच लिहिला, तेव्हा त्याला ओळखणारे होतेच किती.

सुरुवातीचं तिचं लिखाण फॅशन, घर, कपडे असलं, म्हणून लोक नाक मुरडतात. मला वाटतं तिची नजर तिथेच तयार झाली. मधली वर्षं वाईट गेली, दुसरं लग्न, मुलगी, आजारपण, मॉर्फिनचं व्यसन, कम्युनिस्ट पार्टीत जाणं आणि १९३६ च्या सुमारास तिथून बाहेर पडणं. पण १९३७ पासून चेक पत्रकार फेर्दिनांद पेरौत्काच्या साप्ताहिकात ती जे लिहायला लागली ना, तीच खरी मिलेना. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर पळून आलेले निर्वासित, सुडेटेनमधली (म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या सीमेवरच्या, जर्मन बोलणाऱ्यांच्या भागातली) गावं, तिथले घाबरलेले शेजारी, हे सगळं ती स्वतः जाऊन बघून लिहायची, आणि मोठ्या राजकारणापेक्षा माणसं काय बोलतायत त्यावर जास्त.

मार्च १९३९ मध्ये जर्मन प्रागमध्ये घुसले. पेरौत्काला उचलल्यावर साप्ताहिक बंद पडेपर्यंत तिने ते सांभाळलं, वर ज्यू लोकांना आणि लष्करी अधिकाऱ्यांना देशाबाहेर काढायला मदत, शिवाय चोरून छापल्या जाणाऱ्या पत्रकात लिखाण. नोव्हेंबरमध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, पकडलं. त्याआधी तिने काफ्काची पत्रं विली हास ह्या लेखक-संपादकाकडे ठेवायला दिली होती, म्हणून तर आपल्याला ती वाचायला मिळाली.

मग राव्हेन्सब्र्युक, बायकांची छळछावणी. तिथे तिची मैत्री झाली मार्गारेट बुबर-न्यूमानशी. ही बाई आधी स्टालिनच्या कॅम्पात होती, तिथून रशियनांनीच तिला नाझींच्या ताब्यात दिलेलं. छावणीतल्या कम्युनिस्ट बायका दोघींना वाळीतच टाकायच्या. सुटलो की दोन्हीकडच्या कॅम्पांवर मिळून पुस्तक लिहायचं असं ह्या दोघींनी ठरवलं होतं. मिलेना १७ मे १९४४ ला किडनीच्या आजाराने तिथेच गेली. मार्गारेटने कॅम्पांवरचं पुस्तक एकटीनेच लिहिलं, आणि पुढे एक मिलेनावर.