रोज अंगावर बाळगायला पिस्तूल कोणतं? टेक्सासमधल्या दुकानवाल्या भावाला उत्तर

तू विचारलंयस की ह्यूस्टनजवळ गॅस स्टेशन आणि त्याला लागून दुकान चालवतोस, रात्री अकराला शटर लावून एकटाच गाडीपर्यंत जातोस, मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं, आता छोटं पिस्तूल घ्यायचंय. मित्र म्हणतो ग्लॉक कंपनीचं १९ नंबरचं मॉडेल घे, बंदुकीच्या दुकानातल्याने मात्र खिशात मावणारं .३८० (हे गोळीचं माप) हातात ठेवलं. वयाने लहान दिसतोस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको. मी टेक्सासात अकरा-बारा वर्षं रोज बाळगतोय, तेवढ्यात तीन पिस्तुलं झाली आणि त्यातली पहिली दोन म्हणजे निव्वळ शिकवणीची फी.

आधी एक गोष्ट, तुला लागू नाही पण बाकीचे वाचणारे असतील त्यांच्यासाठी. एच-१बी, एफ-१ असल्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर केंद्राच्या कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवताच येत नाहीत, शिकारीचं लायसन्स असे मोजके अपवाद सोडून. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासने लायसन्सशिवाय बाळगायला मोकळीक दिली त्यामुळे आपल्या पोरांचा समज झालाय की आता सगळ्यांना चालतं. नाही चालत. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, भाड्याने घेऊन चार गोळ्या झाडणंसुद्धा त्यातच येतं, आणि एवढ्याशा हौसेपायी पुढचं ग्रीन कार्ड कुणी घालवू नये. तुला ग्रीन कार्ड आहे, तू दुकानात बंदूक खरेदीचा केंद्राचा फॉर्म ४४७३ रीतसर भरून विकत घेऊ शकतोस.

आता तुझ्या .३८० वर येतो. माझं पहिलं तेच होतं, पाव किलोच्या थोडं वर वजन, सहा गोळ्यांचं मॅगझिन, दुकानात हातात घेतलं तर खेळणं वाटलं आणि लगेच प्रेमात पडलो. रेंजवर नेलं आणि पंचवीसएक गोळ्यांनंतर अंगठा आणि तर्जनीमधली कातडी लाल झाली, करंगळीला धरायला जागाच नाही, प्रत्येक गोळीनंतर पकड सुटायची. लोकांना वाटतं लहान पिस्तूल म्हणजे धक्का कमी, पण वजन कमी असलं की धक्का सगळा तुझ्या हातात येतो. मग काय होतं, सरावाला जायचा कंटाळा येतो. वर्षभरात मी जेमतेम दोनशे गोळ्या झाडल्या असतील. शिवाय मी शहाणा, होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचं कव्हर, न घेता पँटच्या खिशात तसंच टाकायचो. एक दिवस साफ करायला उघडलं तर स्लाइडच्या (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) खाचेत कापसाचे धागे आणि बडीशेपेचा दाणा! जेवणानंतर बडीशेप खायची आणि उरलेली खिशात टाकायची सवय, दुसरं काय. आज हसू येतं, पण ट्रिगर उघडा ठेवून खिशात भरलेलं पिस्तूल घेऊन फिरत होतो हे आठवलं की हसू जातं.

मित्राचा ग्लॉक १९ चांगलाच आहे, वाद नाही. १५ गोळ्या, चार इंची नळी, पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी नेम लागतो. माझं दुसरं तेच होतं. भरलेलं असताना साडेआठशे ग्रॅमच्या आसपास जातं आणि जाड आहे, नळीपेक्षा मूठ जास्त दिसते. तू दिवसभर काउंटरमागे उभा, मधेच वाकून खालच्या फळीवरनं सिगारेटचं कार्टन काढायचं, वर चढून माल लावायचा. वाकलास की शर्टमागनं मूठ वर येते, इथे त्याला प्रिंट होणं म्हणतात. मला तर आपल्या ग्रोसरीत तांदळाची वीस पौंडी गोणी उचलताना मागनं बायकोने शर्ट खाली ओढून दाखवलं होतं. उन्हाळ्यात टी-शर्टवर तर ते घरीच राहायला लागलं, आणि घरी राहिलेल्याचा रात्री अकराला काय उपयोग.

म्हणून माझं मत मधल्या साइजला. २०१८ मध्ये सिग कंपनीचं पी ३६५ आलं तिथनं हा सगळा बाजार पालटला, आधी एवढ्या छोट्या अंगात सहा-सात गोळ्या बसायच्या, त्यांनी १० बसवल्या आणि वजन अर्ध्या किलोच्या घरात. मग ग्लॉक ४३एक्स, स्प्रिंगफिल्डचं हेलकॅट, बाकीचे सगळे त्याच वाटेने गेले. सगळी ९ एमएम मापाच्या गोळीची. .३८० पेक्षा गोळ्या सहसा स्वस्तही पडतात आणि कुठेही मिळतात, सराव करायचा तर हा हिशेब छोटा नाही. ह्यातलं अमुकच घे असं मी सांगणार नाही, कारण हात तुझा आहे. मला ४३एक्स बसलं कारण माझा पंजा मोठा आणि करंगळी टेकते, माझ्या मेव्हण्याला तेच लाकडी फळी धरल्यासारखं वाटतं, तो पी ३६५ वर खूश आहे. मोठ्या रेंजवर ही सगळी भाड्याने मिळतात, प्रत्येकाच्या पन्नास गोळ्या झाड. पहिल्या दहावर मत बनवू नको, शेवटच्या दहा कुठे लागतात ते बघ, कारण हात दमल्यावरच मूठ बसली की नाही ते कळतं.

बायको पण वापरणार असेल तर तिलाही ने. स्लाइड मागे ओढायला जमत नाही म्हणून दुकानदार बायकांना सरसकट रिव्हॉल्व्हर देतात, ते मला पटत नाही. छोट्या पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर चांगला जड असतो, आणि हलक्या फ्रेममधनं .३८ स्पेशल गोळी झाडली की तळहात झिणझिणतो. स्मिथ अँड वेसनचं शिल्ड ईझी म्हणून आहे, त्याची स्लाइड मुद्दाम हलकी केलीय, .३८० मध्येही येतं आणि ९ एमएममध्येही. आणि बऱ्याचदा ताकदीचा प्रश्नच नसतो. डाव्या हाताने स्लाइड वरनं पूर्ण मुठीत धरायची आणि उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकलायचं, नळी समोर सुरक्षित दिशेला ठेवून. माझ्या बायकोला चिमटीत धरून ओढता येत नव्हती, असं केल्यावर दुसऱ्या झटक्यात जमलं.

आता ज्यावर लोक पैसे वाचवतात ते, होल्स्टर आणि पट्टा. मऊ कापडी होल्स्टर वीस डॉलरला मिळतं, घेऊ नको. कायडेक्सचं (कडक प्लास्टिक) घे, तुझ्याच मॉडेलच्या मापाचं, ट्रिगर पूर्ण झाकणारं, आणि पिस्तूल काढल्यावर तोंड न मिटणारं. साधा फॉर्मल पट्टा वजनाने लोंबतो, कडक पट्टा लागतोच. कुठे लावायचं ह्यावर लोक भांडतात. पुढे पोटाशी लावलं तर लपतं छान, पण आपली ढेरी आणि रोजचा गाडीतला तास धरला तर मूठ बरगडीत टोचते. मी उजव्या कमरेला जरा मागे, म्हणजे पट्ट्याचं बक्कल बारावर धरलं तर घड्याळात चारच्या जागी लावतो. परत आत ठेवताना मात्र घाई नाही, शर्ट बाजूला, बोट ट्रिगरबाहेर, नजर होल्स्टरवर. लोकांच्या स्वतःच्या मांडीत गोळ्या जातात त्या बऱ्याचदा ह्याच क्षणी.

लायसन्सची सक्ती नसली तरी एलटीसी (लायसन्स टू कॅरी, राज्याचं पिस्तूल बाळगायचं लायसन्स) काढच. चार ते सहा तासांचा वर्ग, थोडी लेखी, आणि ३, ७ आणि १५ यार्डांवरनं मिळून ५० गोळ्या. शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक बाळगायला मनाई करणारा जो केंद्राचा कायदा आहे त्यात राज्याचं लायसन्स असलेल्याला सूट आहे, आणि तुझ्या दुकानापासून घरापर्यंत किती शाळा लागतात मोज एकदा. दुसऱ्या राज्यांत जातोस तेव्हाही बऱ्याच ठिकाणी तेच चालतं, सगळीकडे नाही, न्यू जर्सीला भावाकडे जाताना तर पिस्तूल घरीच ठेव. दारावरच्या पाट्या वाचायची सवय लाव, ३०.०६ लिहिलेली पाटी असेल तर लायसन्सवाल्यानेही लपवून न्यायचं नाही, बारमध्ये लाल ५१ टक्क्याची पाटी असते तिथे तर अजिबात नाही.

घरात पोरं आहेत का लिहिलं नाहीस. असतील तर झटकन उघडणारी छोटी तिजोरी पहिल्याच दिवशी, कपाटाच्या वरच्या फळीवर वगैरे नाही, आपली पोरं बिस्किटाचा डबा कुठे लपवलाय ते शोधतातच की.

आणि गल्ल्यातले पैसे मागितले तर देऊन टाक रे. नोटा विम्यातनं किंवा पुढच्या महिन्यात भरून निघतात. पिस्तूल आहे ते तुझ्यावरच कुणी आलं आणि सुटायला वाट नसली तेव्हासाठी.

शेवटचं, आपल्या लोकांनाच लागू. रेंजची बॅग आणि प्रवासाची बॅग कधीही एक करू नको. दोन वर्षांपूर्वी मुंबईला निघायच्या आदल्या रात्री पासपोर्ट ठेवायला बॅकपॅकचा बाजूचा कप्पा उघडला तर ९ एमएमची एक जिवंत गोळी हाताला लागली, कधीतरी रेंजवरनं येताना टाकलेली. इथल्या विमानतळावर दंडावर भागलं असतं कदाचित, पण तिथे ९ एमएम प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेलं माप, विमानतळावर सापडली की आर्म्स ॲक्टची केस, आणि सुट्टीतली लग्नं सोडून वकिलाकडे चकरा. त्या रात्री बारा वाजता सगळ्या बॅगा जमिनीवर उलट्या करून झटकल्या. तेव्हापासून रेंजची बॅग भडक केशरी रंगाची आहे आणि ती गॅरेजच्या बाहेर फक्त रेंजला जाते.

कुठली रेंज जवळ पडेल ते कळव, शनिवारी सकाळी गर्दी नसते, माझं ४३एक्स आणि मेव्हण्याचं पी ३६५ दोन्ही घेऊन येतो, गोळ्या मात्र तुझ्या.