टाटाच्या ट्रकला लेलँडच्या चाकाची डिस्क चालते का?

मापं जुळली तर चालते, पण बोल्टची भोकं बसली म्हणजे झालं असं समजू नका. १० बोल्टच्या बऱ्याच डिस्कचा पीसीडी, म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, ३३५ मिमीच असतो त्यामुळे वरवर सगळ्या सारख्याच वाटतात, खरी गोम मधल्या भोकात, ते हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) नीट टेकलं नाही तर सगळा लोड बोल्टवर येतो आणि ऊस भरलेल्या गाडीत बोल्ट तुटायला वेळ लागत नाही. नट पण सीटप्रमाणेच (डिस्कवर नट टेकतो ती जागा), सपाट सीटला कोनवाला नट अजिबात नको. मागच्या जोडीत ऑफसेट (डिस्क रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते माप) चुकला की टायर एकमेकाला घासतात. बसवल्यावर सातारा ते कराड, ५० किमीच्या आसपास चालवून टॉर्क पान्याने नट परत आवळा, खंबाटकी घाटात लोड घेऊन नंतर जावा. स्पेसर (मधे घालायची चकती) टाकून जुळवून देतो म्हणणाऱ्याकडं फिरकूच नका.