प्रतिस्पर्ध्याला जायबंदी करण्यासाठी खेळाडूंना पैसे देणाऱ्या फुटबॉल संघाला काय शिक्षा व्हायला हवी?

माझ्या मते संघाला बसणारा दंड दुय्यम आहे. ज्यांनी हे चालू दिलं त्यांचं पद आणि संघाचं भविष्य, दोन्हीला झळ बसली पाहिजे.

अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सचंच बघा. २००९ ते २०११ या तीन हंगामांत तिथे बचावफळीचे प्रशिक्षक ग्रेग विल्यम्स यांच्या देखरेखीखाली एक गुप्त फंड चालायचा. समोरच्याला स्ट्रेचर-गाडीवरून बाहेर न्यावं लागलं तर १,००० डॉलर, तो परत खेळायला उतरलाच नाही तर १,५००. माणसाच्या गुडघ्याचा, डोक्याचा भाव ठरवला होता हो! वाचूनच संताप येतो.

मार्च २०१२ मध्ये एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगने विल्यम्स यांना बेमुदत निलंबित केलं. मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन यांना अख्खा हंगाम घरी बसवलं, जनरल मॅनेजरला ८ सामने. संघाला ५ लाख डॉलर दंड झाला आणि ड्राफ्टमधल्या, म्हणजे नवे खेळाडू फेरीफेरीने निवडायच्या वार्षिक प्रक्रियेतल्या, दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी गेल्या. दंडाची रक्कम अशा संघासाठी किरकोळच. पेटन नसणं मात्र जाणवलं. त्या वर्षी संघ ७ सामने जिंकला, ९ हरला.

या प्रकरणात चार खेळाडूंवरही लीगने बंदी घातली होती. ती डिसेंबरमध्ये लीगचे माजी कमिशनर, म्हणजे प्रमुख, पॉल टॅग्लियाब्यू यांनी रद्द केली. मुख्य दोष त्यांनी प्रशिक्षक आणि व्यवस्थापनावर ठेवला, ते मला पटतं. पण खेळाडूंना पूर्ण मोकळं सोडायला नको होतं. धडक शेवटी तेच मारतात, आणि समोरचाही त्यांच्यासारखाच पोटासाठी खेळत असतो.