हवाच नाही तिथं आकार बदलणारा आरसा कशाला?

प्रश्न : सर, आमच्या होटगी रोडवर उन्हाळ्यात दुपारी डांबरावरची हवा अशी थरथरते की समोरून येणारी एसटी पण वाकडीतिकडी दिसते. तारे लुकलुकतात ते पण हवेमुळंच, आणि ते सरळ करायला मोठ्या टेलिस्कोपमध्ये आकार बदलणारे आरसे बसवतात, इथपर्यंत कळलं. पण तसला आरसा छोट्या सॅटेलाइटमध्ये घालून वर पाठवला असं वाचलं. वर हवाच नाही, मग त्याचं काम काय? आणि एवढ्याशा सॅटेलाइटला दिसणार तरी काय?
– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : हवा खाली राहते पण टेलिस्कोपच्या स्वतःच्या चुका त्याच्याबरोबर वर जातात ना. हबल हा अंतराळातला टेलिस्कोप 1990 ला गेला, 2.4 मीटरचा त्याचा आरसा कडेला जेमतेम 2 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चुकीचा घासला गेला होता, तेवढ्यानं फोटो पुसट यायला लागले आणि 1993 मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली तेव्हा कुठं नजर साफ झाली.

आता तर मागणी त्याहून कितीतरी कडक आहे. सूर्यासारख्या ताऱ्याशेजारी पृथ्वीसारखा ग्रह असेल तर आपल्या डोळ्यांना दिसतो त्या प्रकाशात तो ताऱ्यापेक्षा साधारण 1000 कोटी पट मंद असतो. ताऱ्याचा उजेड अडवायला कोरोनाग्राफ असतो, पण आरसा कितीही घासला तरी काही नॅनोमीटरचे (मायक्रॉनच्याही हजाराव्या भागाएवढे) उंचसखल भाग राहतातच, शिवाय ऊन-सावलीत सगळा सांगाडा किंचित वाकतो, त्यामुळं थोडा उजेड निसटतो आणि ताऱ्याभोवती बारीक ठिपके पडतात. खरी अडचण ही की ते ठिपके हुबेहूब ग्रहासारखे दिसतात! आकार बदलणारा आरसा प्रकाशाची लाट अशी नीट करतो की ताऱ्याच्या बाजूच्या एका भागात ते ठिपके एकमेकांना खोडून टाकतात आणि तिथं काळोख होतो, ग्रह शोधायचा तो त्या काळोखात.

तुम्ही सोलापूरच्या, म्हणून सांगतो, चादरीच्या मागावर जकार्डचा प्रत्येक हूक आपापला धागा वेगळा उचलतो आणि त्यातनं नक्षी उठते ना, तसं या आरशाच्या पातळ पडद्याखाली प्रत्येक ठिकाणी वेगळं व्होल्टेज देतात आणि तेवढाच भाग खाली ओढला जातो. फक्त इथली हालचाल काही मायक्रॉनची, आणि कंट्रोल त्याहून बारीक, नॅनोमीटरचा.

तुम्ही वाचलं ते मिशन बहुतेक डेमी असणार. एमआयटीच्या प्रा. केरी कॅहॉय यांच्या टीमचं, सॅटेलाइट 10 × 20 × 30 सेंटीमीटरचा, आत बोस्टन मायक्रोमशीन्स या कंपनीचा 140 ठिकाणी हलणारा आरसा. फेब्रुवारी 2020 मध्ये मालवाहू यानातून स्पेस स्टेशनवर गेला आणि जुलैमध्ये तिथून सोडला. यातनं ग्रह बघायचा नव्हताच मुळी! बघायचा होता तो आरसा. आतल्या आत लेझर टाकायचा, आरशाचा एकेक बिंदू हलवायचा आणि परत आलेली लाट किती बदलली ते शॅक-हार्टमन सेन्सरनं मोजायचं, म्हणजे लेन्सच्या बारक्या जाळीतून पडलेले ठिपके किती सरकले ते बघायचं.

हे खाली लॅबमध्ये पण होतं, मग वर कशाला, तर रॉकेटचे हादरे, निर्वात जागा, रेडिएशन आणि दर दीड तासाला एक दिवस-रात्र, हे सगळं एकदम सोसून तो आरसा दिलेल्या व्होल्टेजला तेवढाच हलतो का, हे वर गेल्याशिवाय खात्रीनं कळत नाही. एक बिंदू अडकला तरी तो काळोख बिघडतो. अब्जावधी डॉलरच्या टेलिस्कोपमध्ये पहिल्यांदाच वापरून बघण्यापेक्षा छोट्या सॅटेलाइटवर तपासणं मला तर सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. नासाच्या रोमन टेलिस्कोपच्या कोरोनाग्राफमध्ये असे दोन आरसे आहेत, प्रत्येकी 48 × 48 बिंदूंचे. त्यांची जात वेगळी आहे, पण काम तेच.

प्रश्न : आपल्याकडच्या पोरांना यात काही करता येईल का, की हे फक्त अमेरिकेचं?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : येईल की! पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला स्वयम् हा साधारण एक किलोचा सॅटेलाइट जून 2016 मध्ये पीएसएलव्हीतून गेलाय, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईचा प्रथम गेला. आरशाच्या बाजूनं बघितलं तर पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि अमेरिकेतली कॅलटेक यांनी मिळून रोबो-एओ हे हवेची थरथर आपोआप सरळ करणारं यंत्र बनवलं, अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या दीड मीटरच्या टेलिस्कोपवर ते चाललं, त्यात पण 140 बिंदूंचा असलाच आरसा होता. सुरुवात करायला सॅटेलाइट लागत नाही, लाटा, फूरियेचं गणित आणि थोडं पायथॉन येत असलं की एचसीआयपाय नावाचं फुकट पॅकेज घेऊन अख्खा कोरोनाग्राफ लॅपटॉपवर उभा करता येतो, आणि आरशाचा एक बिंदू मुद्दाम अडकवून काळोख किती बिघडतो ते पण तिथंच बघता येतं.