जुन्या सीएनसी मिलिंग मशीनला नवा कंट्रोलर बसवताना सर्व्हो मोटर आणि ड्राइव्हही बदलावे लागतात का?

बहुतेक वेळा नाही. जुने सर्व्हो ड्राइव्ह, म्हणजे मोटरला वीज देऊन तिचा वेग सांभाळणारे युनिट, बहुधा ±१० व्होल्टच्या अ‍ॅनालॉग सिग्नलवर चालतात. ते धड असतील तर लिनक्ससीएनसी (मशीन चालवणारं मोफत सॉफ्टवेअर) आणि मेसा कंपनीचं योग्य इंटरफेस कार्ड त्यांना थेट चालवू शकतं. पोझिशन लूप, म्हणजे अक्ष ठरल्या जागी आहे का ते सतत तपासून दुरुस्त करणं, कंट्रोलर सांभाळतो; वेगाचा तसाच लूप ड्राइव्हमध्येच राहतो. फीडबॅकला, म्हणजे मोटरची स्थिती कळवायला, एन्कोडर (डिजिटल पल्स देणारा सेन्सर) आहे की रिझॉल्व्हर (अ‍ॅनालॉग सिग्नल देणारा सेन्सर), ते मात्र आधी बघा. रिझॉल्व्हर असेल तर वेगळं कार्ड किंवा कन्व्हर्टर लागेल.

पण खर्च करण्याआधी डायल इंडिकेटर लावून प्रत्येक अक्षाचा बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई, मोजाच. अक्ष सरकवणारा बॉलस्क्रू झिजलेला असेल तर कितीही चांगला कंट्रोलर घ्या, सॉफ्टवेअरमधली या ढिलाईची भरपाई गोलाई कापताना उघडी पडते. आणि इमर्जन्सी स्टॉप फक्त सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नका. बटण दाबताच ड्राइव्हची पॉवर वायरिंगमधूनच तुटली पाहिजे.